लंडनचा गावदेव

आमचा ज्योतीराम लंडनला शिकायला गेला तो छप्पन साली. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता, आणि परदेशात रसायनं शिकून आलास तर तिथं तुझी जागा पक्की, असं त्याला पुण्याच्या मास्तरांनी सांगितलं होतं. मी दुर्गा, त्याची धाकटी बहीण. दादा हुशार होता हे खरं, पण थेरगावात त्याच्याइतकं भोळं माणूसही दुसरं नव्हतं. माझं हे मत मी त्याच्या तोंडावरही सांगत आलेय.

निघताना आईनं, म्हणजे कुशाबाईनं, त्याच्या खांद्याच्या पिशवीत एक असोला नारळ घातला. न सोललेला, काथ्यासकट, म्हणजे बोटीवर टिकेल.

"गावात पाय ठिवलास की पयला तिथल्या गावदेवाला ह्यो फोड," ती म्हणाली. "त्याला सांग, मी आलोय म्हून. मगच पेटी उघड."

आमच्याकडे रीतच ती. परगावी राहायला गेलं की आधी तिथल्या देवाला तोंड दाखवायचं, मग बोचकं सोडायचं. थेरगावच्या वेशीवर मारुती आहे आणि त्याच्या शेजारी दोन वीरगळ, गाव राखताना पडलेल्या माणसांचे दगड. कोण होते, कधी पडले, कुणालाच ठाऊक नाही. पण मारुतीला शेंदूर लागला की त्यांनाही लागतो. आणि नारळ फुटला की एक वाटी आपली, एक चिमाजी गुरवाची, कारण देवाची उठबस तो करतो.

झालं! आईचा शब्द म्हणजे दादाला काळ्या दगडावरची रेघ. लंडनात उतरला आणि गडी गावदेव शोधायला लागला. राहायची खोली वॉर्ड नावाच्या एका म्हाताऱ्या विधवाबाईंकडे होती. दादा त्यांना वॉर्डबाई म्हणायचा. खोलीत पेटी तशीच कुलूपबंद. नवा लोकरी स्वेटर त्या पेटीत, आणि हा सुती कोटात कुडकुडत कॉलेजला जातोय. शिकलेल्या माणसाला कोण सांगणार?

कॉलेज सुटलं की पिशवी खांद्याला लावून तो शहर पालथं घालायचा. एका चौकात घोड्यावर बसलेला मोठा पितळी पुरुष दिसला. दादानं बूट काढले, त्या गारठ्यात फरशीवर उभा राहून हात जोडले. पोलीस आला. म्हणाला, "हे आमचे जुने सेनापती. तुमची तब्येत बरी आहे ना?" मग एका थोरल्या चर्चमध्ये जाऊन त्यानं विचारलं, नारळ कुठं फोडायचा? तिथल्या सद्गृहस्थानं त्याला अगदी अदबीनं दारापर्यंत पोचवलं. शेवटी देव वेशीवर असणार म्हणून तो बसमध्ये बसला आणि ती जिथं थांबली तिथं उतरला. तर तिथंही घरंच घरं! आमच्याकडे घरं संपली की शेतं, शेतं संपली की पवना नदी. या गावाला वेसच नव्हती.

तिथं मात्र त्याचा धीर सुटला. ज्या गावाच्या देवाला आपण आलोय हेच कळलेलं नाही, त्या गावात राहायचं कसं? रात्री झोप नाही, वर्गात शिकवलेलं डोक्यात शिरत नाही. परतीची बोट कधी आहे ते तो कचेरीत जाऊन विचारून आला आणि वॉर्डबाईंना म्हणाला, "मी जातो."

"माझ्या घरात काही कमी पडलं का?" त्यांनी विचारलं.

दादानं नारळ टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मी असते तर पोट धरून हसले असते. वॉर्डबाई हसल्या नाहीत. त्यांनी उठून टोपी घातली.

"आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दगड आहे," त्या म्हणाल्या. "देव म्हणतात का त्याला, मला ठाऊक नाही. पण चल."

परसात कोळसे फोडायची कुऱ्हाड होती. दादानं त्या कुऱ्हाडीनं नारळ सोलला आणि त्यांच्यामागून निघाला.

कोपऱ्यावरच्या भिंतीत एक दगड बसवलेला होता, खाली ताजी फुलं. दगडावर नावं कोरलेली, त्या गल्लीतून लढाईवर गेलेल्या आणि परत न आलेल्या पोरांची. वॉर्डबाईंनी एका नावावर बोट ठेवलं. "आर्थर. माझा मुलगा. दर रविवारी मी येऊन हा दगड पुसते."

"दुर्गे," दादा मला नेहमी सांगतो, "मला तिथं आपली वेस दिसली गं."

त्यानं बूट काढले. नारळ फोडला, पाणी दगडापुढं ओतलं आणि मोठ्यानं मराठीतच म्हणाला, "मी थेरगावचा ज्योतीराम. आलोय." मग एक वाटी पिशवीत घातली आणि दुसरी वॉर्डबाईंच्या हातात दिली.

"ही मला कशाला?"

"देवाची उठबस जो करतो, ही त्याची असते."

बाई ती वाटी छातीशी धरून रडल्या, आणि आमचा दादाही रडला. घरी येऊन त्यानं पेटी उघडली, स्वेटर घातला आणि पुढची दोन वर्षं मन लावून शिकला.

परत आल्यावर त्यानं आईला हे सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "केवढा हुता रं त्यो बाईचा पोरगा?"

"माझ्याएवढाच."

शनिवारी आई आम्हाला घेऊन मारुतीला गेली तेव्हा तिच्या ओटीत दोन नारळ होते. एक तिनं मारुतीला दिला.

"अन् ह्यो दुसरा कुनाचा, वैनी?" चिमाजीनं विचारलं.

"ज्यानं माजा ल्योक ठिवून घेतला त्याचा," आई म्हणाली. "त्या बाईचा ल्योक. तिकडंच पडला लढाईत. तिथल्या दगडावर नाव हाय त्याचं, त्यो दगुड ती दर रईवारी पुसती."

चिमाजीनं नारळ वीरगळांपुढं फोडला, पाणी दोन्ही दगडांवर ओतलं. पहिल्या नारळातली आपली वाटी त्यानं ताटात ठेवून घेतली होती. दुसऱ्याच्या दोन्ही वाट्या मात्र त्यानं आईच्या ओटीत परत घातल्या.

"ह्यातली माजी न्हाई, वैनी," तो म्हणाला. "ह्याचा गुरव तिकडं हाय."