एका सीटवर दोन माणसं

तळोद्याहून डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या जीपांची सीट मोबाईलवर बुक करायची वेबसाईट आमच्या ताईंनी बनवली. ताई म्हणजे माझ्या बॉस. ऑफिसात आम्ही दोघंच. त्या कोड लिहायच्या, मी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचो आणि फोन ठेवला की त्यांच्या नकला करायचो.

एका बाजाराच्या दिवशी ड्रायव्हरशेजारची सीट एका गुरुजींना मिळाली, आणि तीच एका शेतकरी काकांनाही. दोघांच्या मोबाईलवर हिरवी खूण. गुरुजी आत बसलेले, काका दार धरून उभे, जीप काही हलेना. जीपमालक तडक ऑफिसात आला. "आखो असं व्हयनं ते मी हाई बंद करी टाकसू," पुन्हा असं झालं तर हे बंदच, असं बजावून गेला. जीपा सगळ्या त्याच्याच. त्या गेल्या तर वेबसाईटवर उरणार काय, माझ्या नकला?

मी लगेच पोट पुढं काढून मालक करून दाखवला. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, आता गुरुजी आणि काका कर, दोघं एकदम. मी डावीकडं वळून गुरुजी झालो: सीट रिकामी आहे का? उजवीकडं वळून काका: सीट खाली शे का? ताई दोघांनाही हो म्हणाल्या, दोघांनीही नाव लिहिलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "आपण आधी विचारतो, मग लिहितो. मधल्या फटीत दुसरा घुसतो."

मी म्हटलं, सोपंय. पहिला येईल त्याच्यासाठी डेटाबेसमधली त्या सीटची ओळ लॉक करू, पैसे भरेपर्यंत सोडायचीच नाही.

"आणि तो खिडकीतून रुमाल टाकून चहा प्यायला गेला तर? बाकीचे लोंबकळत राहणार?"

आमच्याकडं सीट अशीच धरतात, त्यामुळं मी माझा लॉक मागं घेतला.

ताईंनी लॉक क्षणभराचाच ठेवला. ओळ धरायची, सीट रिकामी आहे का बघायचं, 'राखीव' लिहायचं, ओळ सोडायची. हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. पैसे नंतर. वेळेत आले नाहीत तर सीट आपोआप मोकळी, उशिरा आले तर पैसे परत. जेमतेम एक पानभर कोड. गावातल्या कुणाचीही नक्कल मला जमते, ताईंच्या डोक्याची अजून जमलेली नाही.

पुढच्या बाजाराला मालक परीक्षा घ्यायला ड्रायव्हरला घेऊनच आला. शेवटच्या सीटवर दोघांनी आपापल्या मोबाईलवर एकदमच बोट दाबलं. ड्रायव्हरला सीट मिळाली. मालकाला उत्तर आलं, ही सीट आत्ताच गेली.

तो मोबाईलकडं बघत बसला. "मन्ही जीप, आन मालेच जागा नही."

मग ताईंकडं वळून म्हणाला, "चालू ऱ्हाऊ द्या, ताई."