पुढच्या चाकाचा माणूस

विमान दिसलं की सगळं जग त्याच्या पंखांकडे बघतं. पुढच्या चाकाकडे बघणारा माणूस पुण्यात एकच, आणि तो माझा मित्र. आम्ही दोघं विमानतळावर नोकरीला होतो. तो टग चालवायचा, म्हणजे विमानाला दांडा जोडून मागे ढकलणारा बुटका ट्रॅक्टर. मी कानाला हेडफोन लावून बाजूने चालायचो आणि वैमानिकाशी बोलायचो. चहाला बसलो की तो बशीचं विमान करायचा. "पायाखालच्या पेडलांनी पुढचं चाक थोडंसंच वळतं. खरं वळायचं तर वैमानिकाच्या हाताशी एक छोटं चाक असतं. ते फिरवलं की तेलाच्या दाबाने खालचं वळतं. आणि जमीन सुटली की ते आपोआप सरळ होतं, मगच पोटात जातं. आपलं डोकं असं कधी सरळ होतं का, सांग." तोवर चहावर साय धरलेली असायची.

हे वेड गावभर त्याच्या मागे फिरायचं. शनिवार पेठेतल्या एका बोळात गाडी अडकली, चार जण चार दिशांनी ओरडत होते, आणि हा उकिडवा बसून तिच्या पुढच्या चाकाचा कोन बघत होता. मग चालकाला अत्यंत आदराने विचारलं, "अहो, आपण लायसन्स कुणाचं वापरता?" मार्केट यार्डात आंबे घ्यायला गेलो, तर हातगाडी वळवणाऱ्या हमालाला हा दोन्ही हातांनी खुणा करायला लागला. हमाल थांबला. "काका, आंबे घ्यायचेत का गाडी?" "आधी गाडी नीट घ्या, मग आंबे बघू." त्याचं लग्न झालं नाही. एकदाच मुलगी बघायला गेला होता. आवड काय, असं तिने विचारलं, तेव्हा याने तिला दांडा कसा जोडतात ते सांगितलं. तिचे वडील म्हणाले, कळवतो. "अजून कळवलेलं नाही," हे तो तीस वर्षं हसत सांगायचा, आणि मग एकटाच वारज्याच्या बसमध्ये चढायचा.

त्याचा एक जाच मात्र मला रोजचा होता. विमान ढकलण्याआधी पुढच्या चाकाच्या वर लाल फितीची एक पिन खोचावी लागते. ती खोचली की वैमानिकाचा चाकावरचा ताबा सुटतो आणि ते टगच्या ओढीने वळतं. हे काम माझं. पण हा दर वेळी टगवरून उतरायचा, वाकून ती फीत हाताने ओढून बघायचा, मगच परत चढायचा. "माझ्यावर विश्वास नाही का रे?" असं मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं. सगळे हसले. तो ओशाळला. दुसऱ्या दिवसापासून त्याने उतरणं बंद केलं.

त्यानंतर महिन्याभराने, भर दुपारी, पिन माझ्या खिशातच राहिली. मी सवयीने अंगठा वर केला. त्याने ढकलायला सुरुवात केली, वळण घेतलं, तेवढ्यात इंजिन सुरू होऊन तेलाला दाब आला आणि चाक झटक्यात सरळ झालं. दांडा कडाडून तुटला, चाकाचा सांधा गेला. कुणाला इजा झाली नाही. सगळे टगकडे धावले, आणि साहेब पोचायच्या आत मी खिशातली पिन काढून जागेवर सरकवली.

"पिन होती?" साहेबांनी विचारलं.

"होती," मी म्हणालो.

मग चूक एकाचीच उरली. चाकाजवळ लाल खूण असते, तिच्यापुढे वळवायचं नाही. याने वळवलं, असं ठरलं. त्याला टगवरून काढून भांडारात बसवलं. निवृत्त होईपर्यंत तो प्रवाशांची पांघरुणं मोजत होता. तो बशीचं विमान करेनासा झाला. चहा गरम असतानाच पिऊन टाकायचा. फक्त मधूनच विचारायचा, "मी खरंच खुणेच्या पुढे गेलो होतो का रे?" आणि मी म्हणायचो, "विसर आता ते."

गेल्या महिन्यात मी वारज्याला त्याच्या घरी गेलो. मलाही आता घरी वाट बघणारं कुणी नाही. खुर्ची एकच होती, ती त्याने मला दिली आणि स्वतः पलंगावर बसला. मी सगळं सांगितलं, पिन, खिसा, साहेब. तो शिव्या देईल, निदान एखादा पुणेरी टोमणा मारेल, अशी तयारी करून गेलो होतो. त्याने एवढंच विचारलं,

"म्हणजे माझं वळण बरोबर होतं?"

"बरोबर होतं. खुणेच्या आत होतं. मी शेजारीच चालत होतो."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. विमानतळावर आमच्यासोबत काम केलेल्यांपैकी जे कुणी हयात आहेत, त्यांच्यासाठी इथे तिसऱ्यांदा सांगतो आहे. तो उठला, "चहा टाकतो," म्हणाला आणि आत गेला. मी खुर्चीत बसून राहिलो. आत भांड्याचा आवाज झाला, नळ सुटला, बंद झाला. गॅस पेटल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही, आणि आत जाऊन बघण्याचा धीर मला झाला नाही.