नारिंगी डोळ्यांचं घुबड

माझे सासरे बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होते. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: तयार झालेला माल मापायचा, बरोबर असेल तर कागदावर सही करायची, नसेल तर लाल पेटीत टाकायचा. कारखान्यात त्यांना सगळे ‘मायक्रो’ म्हणायचे, कारण मायक्रोमीटर त्यांच्या खिशात कायम असायचा. जेवायच्या सुटीत कोणी गंमत म्हणून डोक्याचा केस उपटून पुढे केला, तर तोही मापून सांगायचे. एकदा साहेबांनी घाईत एका अख्ख्या खेपेवर सही मागितली. माल ट्रकमध्ये भरून झाला होता. बाबा, म्हणजे सासरे, म्हणाले, मी पाहिलेला नाही, सही होणार नाही. सही झाली नाही. त्यांना मात्र सहा महिने गोदामात पोती मोजायला पाठवलं. ही गोष्ट मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच ऐकवण्यात आली आणि नंतर दर वर्षी दोनदा तरी.

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांच्या मानगुटीवर बसतो. आमच्याकडे ते हिवाळ्यात बसायचे, आणि तेही घराबाहेर.

आमचं घर तळमजल्यावर. मागे पंधरा पावलांचं अंगण, मग कमरेएवढी भिंत आणि पलीकडे मोकळी पडीक जागा. तिथे झुडपं, एक फुटकी पाण्याची टाकी आणि मधोमध एक जुनं, जाड बुंध्याचं झाड. थंडी पडली की दर रविवारी सकाळी साडेसहाला बाबा चार खुर्च्या अंगणात मांडत. दवाने ओल्या झालेल्या खुर्च्या स्वतः पुसत, वर जुनं वर्तमानपत्र घालत, आणि सगळ्यांना उठवत. नियम असा, की प्रत्येकाने काहीतरी एक पाहायचं. पक्षी, खार, सरडा, काहीही. सांगितलं की बाबा स्वतः वळून बघत, खात्री करत, मग वहीत लिहीत आणि पुढे सही करत. प्रत्येकाची एक तरी नोंद झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

बाबांना वाटायचं, आम्हाला हे फार आवडतं. माझ्या लेकीला खरंच आवडायचं. ती लहान, तिला झोपेचं काय पडलं होतं. माझा नवरा खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी काढायचा आणि मध्येच एक डोळा उघडून ‘चिमणी’ म्हणायचा. त्याच्या नावावर एका हिवाळ्यात सोळा चिमण्या जमा होत्या, दुसरं काही नाही. आणि मी कपड्यांच्या दुकानात आठवड्याचे सहा दिवस नऊ-नऊ तास उभी राहणारी बाई. रविवारची सकाळ ही माझी एकुलती एक इस्टेट होती, आणि ती बाबा माझ्या डोळ्यांदेखत थंडीत उधळत होते.

पण खोटं कशाला बोलू, काही सकाळी मलाही बरं वाटायचं. ऊन भिंतीवर चढायला लागलं की तिथे परीट पक्षी यायचे, शेपटी वरखाली हलवत घाईघाईने चालायचे, जणू ह्यांनाच कामावर जायचं आहे. सुतार पक्षी झाडावर टकटक करायचा. टाकीमागे खारीचं घरटं होतं. बाबा हळू आवाजात सांगायचे आणि लेक त्यांच्या गोधडीत शिरून ऐकायची. नवरा तेवढ्यापुरता जागा असायचा. आम्ही चौघं एका जागी गप्प बसलोय आणि भांडत नाही आहोत, असं आठवड्यात तेवढंच व्हायचं.

दहाव्या हिवाळ्यानंतर बाबांचे डोळे गेले. आंधळे झाले नाहीत, पण नजरेच्या मधोमध डाग आला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. चेहरा बघायला ते मान वाकडी करत. झाडावरचा पक्षी दिसणं तर संपलंच. मला वाटलं, सुटलो. पुढच्या थंडीत पहिल्याच रविवारी साडेसहाला खुर्च्या मांडलेल्या. आता आम्ही बघायचं, लेकीने वहीत लिहायचं आणि बाबांनी सही करायची. नवऱ्याने चेष्टेने विचारलं, बाबा, न पाहता सही? ते म्हणाले, घरातली माणसं सांगतायत, ती काय साहेबांची माणसं आहेत?

हे मी कानांनी ऐकलं होतं. तरी माझ्याकडून ते झालं.

त्या रविवारी धुकं होतं. भिंत दिसत होती, झाड नुसतं सावलीसारखं. लेकीची खार झाली, नवऱ्याची चिमणी झाली, फक्त मी राहिले होते. तास होऊन गेला. पायांची बोटं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. आदल्या दिवशी दुकानात सेल होता, पाय आधीच सुजलेले. आत कपड्यांचा ढीग पडलेला. बाबा शांतपणे म्हणाले, घाई नाही, दिसेल. आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला.

“बाबा, झाडावर घुबड आहे,” मी म्हणाले.

त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. विचारलं, कसं आहे? दुकानातल्या कॅलेंडरवर त्या महिन्यात एक घुबड होतं. ते डोळ्यांसमोर आलं. कानांवर शिंगांसारखी पिसं, डोळे नारिंगी, मी सांगून टाकलं. बाबांनी कुजबुजत फर्मान काढलं, कोणी हलू नका. आणि लवकर आत जायला मिळावं म्हणून बोललेली मी, माझ्याच घुबडापायी आणखी अर्धा तास गारठत बसले. लेक मान उंचावून बघत होती. मी म्हटलं, उडालं आत्ताच. तिने सुंदर अक्षरात नोंद केली आणि बाबांनी खाली सही केली. वळणदार, जशी कारखान्यात करत असतील तशी.

खोटं एकदा घरात घेतलं की त्याला पोसावं लागतं. पुढच्या रविवारी बाबांचा पहिला प्रश्न, घुबड? मी नाही म्हटलं. त्यांचा चेहरा असा उतरला की त्याच्या पुढच्या रविवारी मी हो म्हटलं. मग एक रविवार आड ते येऊ लागलं. मी त्याला झाडाच्या ढोलीत बिऱ्हाड करून दिलं. नवऱ्याने एकदा स्वयंपाकघरात विचारलं, तुझं घुबड खातं काय गं? मी त्याला म्हटलं, तुझ्या चिमण्या. तो हसला आणि मीही हसले. त्या वेळी त्याने मला दटावलं असतं तर बरं झालं असतं, पण त्याला दोष देऊन मी सुटणार नाही.

मग नगर कार्यालयाची नोटीस आली. पडीक जागा साफ करून तिथे गाड्या उभ्या करायची सोय होणार होती. झाड, झुडपं, टाकी, सगळं जाणार. बाबांनी दोन दिवस लेकीकडून जुन्या वह्या वाचून घेतल्या. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला, अकरा हिवाळ्यांच्या वह्या पिशवीत घातल्या आणि नातीचा हात धरून कार्यालयात गेले. ते झाड वाचवायचं, एवढंच आता त्यांच्या डोक्यात होतं. जे पाहिलं त्याची रीतसर नोंद आपल्याकडे आहे, मग कोण कसं नाकारेल, असा त्यांचा हिशेब.

तिथल्या अधिकाऱ्याने पानं भराभर उलटली, असं लेकीने नंतर सांगितलं. खारी, परीट, सुतार, कशावर थांबला नाही. थांबला तो घुबडावर. म्हणाला, हे असलं घुबड इथे खरंच राहत असेल तर काम थांबवावं लागेल. तपासणीला माणूस पाठवतो.

बाबा घरी आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून दुसरा कप चहा मागितला आणि फोन करून जुन्या सोबत्यांना सांगितलं, माझ्या सुनेने शोधलं. मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. बोलले नाही. उलट मनाशी म्हटलं, एका खोट्यानं झाड वाचत असेल तर कुणाचं काय बिघडलं? स्वतःची समजूत काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

तपासणीला एक तरुण बाई आली, गळ्यात दुर्बीण. ओळीने तीन पहाटे ती आमच्या अंगणात बसली. बाबा तिच्याशेजारी कोट घालून, ताठ. मी चहा द्यायचे आणि आत पळायचे. तिसऱ्या सकाळी उजाडल्यावर ती भिंतीवरून उडी मारून झाडापाशी गेली, बुंध्याभोवती वाकून बघत फिरली, ढोलीत हात घालून पाहिला. परत आली तेव्हा मी चहा घेऊन दारात उभी होते. तिने नम्रपणे समजावलं. घुबड न पचलेली हाडं आणि केस गोळा करून ओकतं, ते गोळे खाली सापडतात, इथे एकही नाही. विष्ठेचे पांढरे डाग नाहीत. शिवाय हे मोठं घुबड ढोलीत राहत नाही, कड्याकपारीत राहतं. आणि ही ढोली तर पोपटालाही जेमतेम पुरेल.

मग तिने विचारलं, “हे घुबड नेमकं कोणी पाहिलं?”

लेकीने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी हातातल्या कपबश्यांकडे बघत उभी.

“मी पाहिलं,” बाबा म्हणाले.

बाईने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते तिच्या कानाजवळ कुठेतरी बघत होते, मान वाकडी करून. तिला जे कळायचं ते कळलं. तिने लिहून घेतलं, चहाला नको म्हणाली आणि गेली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, नोंदी करणाऱ्याची दृष्टी अधू असल्याने सदर वह्या विश्वासार्ह मानता येत नाहीत. सदर वह्या, म्हणजे सगळ्या. दहा वर्षं धडधाकट डोळ्यांनी पाहून, खात्री करून, सही केलेल्या सुद्धा. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. पत्र लेकीने वाचून दाखवलं. बाबांनी ‘विश्वासार्ह’ हा शब्द तिच्याकडून पुन्हा वाचून घेतला.

झाड पाडायला दोन दिवस लागले. खारी आमच्या भिंतीवरून इकडून तिकडे पळत होत्या. सुतार पक्षी दोन सकाळी आला, रिकाम्या जागेवर घिरट्या घालून गेला. मग काँक्रीट पडलं, पांढरे पट्टे ओढले. शेजारच्या इमारतीत कारखान्यातला एक जुना फिटर राहतो. तो भिंतीवरून ओरडून म्हणाला, मायक्रो, आता गाड्या मोजा, त्या तरी हलत नाहीत. बाबा हसले. मला त्या फिटरच्या तोंडात मारावंसं वाटलं, आणि नंतर कळलं की तो हात खरं तर माझ्याच गालावर बसायला हवा.

थंडी ओसरत आली होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी बाबा मागच्या पायरीवर उन्हात बसले होते. मी शेजारी बसून वाटाणे सोलत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. इतके दिवस मनात दाबलेलं मी एका दमात बाहेर काढलं. घुबड नव्हतं, कधीच नव्हतं, मला थंडी वाजत होती, मला आत जायचं होतं.

बाबांनी चाचपून एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली. मग म्हणाले, “मला त्याच सकाळी कळलं. त्या दुर्बीणवाल्या बाईने विचारलं तेव्हा तुझ्या हातातल्या कपबश्या वाजल्या.”

“मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत? माझं नाव का नाही सांगितलं?”

“नाव सांगितलं असतं तर तिने तुला विचारलं असतं. तू पुन्हा हो म्हणाली असतीस. माझ्यासमोर, पोरीसमोर.” त्यांनी सोललेले दाणे माझ्या ताटात टाकले. “मग मला ह्या घरात राहणं जड गेलं असतं. आणि ह्या वयात मी जाऊ कुठे?”

नसते म्हणाले मी हो, असं सांगायला मी तोंड उघडलं. आणि मिटलं. म्हणालेच असते.