डाव्या अंगाला मारणारी बंदूक

माझ्या छंदाला आमच्या घरात एकच शब्द आहे, भंगार. बायको तो रोज वापरते, मेव्हणे सणासुदीला वापरतात. म्हणोत बापडे. बंदुकीनं पाखरं मारायच्या त्या जुन्या टीव्ही गेमचा अख्खा संच, तोही अस्सल, अख्ख्या संभाजीनगरात माझ्याशिवाय कुणाकडं असेल तर त्यानं यावं आणि दाखवावा. मी चहा पाजतो त्याला.

हा संच काही दुकानातून उचलून आणलेला नाही. मशीन तेवढं लहानपणापासूनचं घरचं. कॅसेट मला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात सापडली, मेलेल्या रिमोटांच्या ढिगाखाली. बंदूक पडेगावच्या एका भंगारवाल्याकडं होती, वायर मुळापासून तुटलेली. ती मी घरी आणून स्वतः डाग देऊन जोडली. ही बंदूक टीव्हीच्या काचेवरचा उजेड ओळखते, आजच्या चपट्या टीव्हीवर ती आंधळी, म्हणून बिडकीनच्या एका खानावळीतून जुना डबा टीव्ही मोटारसायकलवर बांधून आणला. तीन वर्षं गेली या सगळ्यात.

मग पुण्याहून एक संग्राहक आले. ते जुन्या गेमचं प्रदर्शन भरवणार होते आणि अट साफ होती. वस्तू अस्सल पाहिजे आणि चालू पाहिजे. माझा संच पास झाला तर प्रदर्शनात जाणार, माझ्या नावाची पाटी लागणार. नापास झाला तर बायकोचा शब्द खरा.

गृहस्थ हातात पांढरे मोजे घालून बसले. आपल्या बाजारात नऊ लाख गेम छापलेल्या कॅसेटी मिळतात आणि आत चारच निघतात, त्यामुळं त्यांना शंका येणारच. त्यांनी स्क्रू काढून कॅसेट उघडली. नकली मालात चिपच्या जागी डांबरासारखा काळा ठिपका असतो. माझ्या कॅसेटीत पाय असलेली खरी चिप निघाली. त्यांनी मान डोलावली, बंदूक चालली तर संचाची किंमत किती होईल तेही सांगितलं. आकडा माझ्या दोन पगारांएवढा होता. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हे मी बरोबर पाहिलं.

मग त्यांनी बंदूक हातात घेतली. दहा पाखरं उडाली, एकही पडलं नाही. मग मी घेतली. मला वस्तू जमवायचा नाद, खेळायचा नाही. दहात एक पाडलं, तेही बहुतेक चुकून. ते म्हणाले, दहात एक याला चालू म्हणत नाहीत, बंदुकीचा डोळा गेलाय, वस्तू शोभेची आहे. आणि ते वहीत लिहायला लागले. मला असा राग आला!

खिडकीजवळच्या खाटेवर माझी माय मेथी निवडत बसली होती. वय सत्तरीच्या पुढं. ती तिथूनच म्हणाली, "बंदूक चांगली हाय. डाव्या अंगाला मारती तेवढी."

बंदूक तिच्या हातातली आहे, हे मला माहीत होतं. मी कामावर गेलो की ती दुपारी हा गेम खेळायची. पण सुट्टीच्या दिवशी मी पाहिलं, तिची दहाच्या दहा पाखरं उडून जायची आणि गेम तिथंच संपायचा. मला वाटायचं, म्हातारीची नजर गेली. वेळ जातोय, जाऊ द्या.

तिनं पदर खोचून बंदूक घेतली. पहिलं पाखरू उडालं, तीन गोळ्या झाल्या, पाखरू सुखरूप. दुसरंही गेलं, तिसरंही. गृहस्थांनी माझ्याकडं पाहिलं. माय मात्र खूश. पाखरं गेली की नाय, असं तिनं आम्हालाच विचारलं.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. तिचं माहेर लासूर स्टेशनकडचं. ज्वारी हुरड्यात आली की ही पोर शेतातल्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. पाखरू मारायचं नाही, हाकलायचं, ही तिच्या वडिलांची सक्त ताकीद. धोंडा पाखराच्या कानाजवळून गेला पाहिजे. एकदा एक चिमणी चुकून मेली तर ते दिवसभर लेकीशी बोलले नव्हते. म्हणजे इतके महिने माय माझ्या टीव्हीतल्या पाखरांना शेतातून हाकलत होती! सुरुवातीला उजव्या अंगानं हाकलायला गेली की पाखरू पडलं असणार, त्यावरूनच तिनं बंदुकीची खोड ओळखली. आणि मी तिची नजर गेली म्हणत होतो.

मी तिच्याजवळ जाऊन सांगितलं, माय, या खेळात पाडायची असतात. तिचं तोंड उतरलं.

"खोटी हायेत ना रं?"

"खोटी आहेत."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, मग त्या वहीकडं. नळी जराशी उजवीकडं नेली. पहिलं पाखरू पडलं. दुसरं पडलं. एकेका गोळीत एकेक, दहाच्या दहा. दर पाखरामागं तिचे ओठ आवळले जात होते, पण हात हलला नाही. बायकोनं तर चक्क टाळ्या वाजवल्या.

गृहस्थांनी आधीचं खोडलं आणि लिहिलं, चालू स्थितीत, उत्तम. मग मोबाइल काढून ते मायला म्हणाले, मावशी, आणखी एकदा मारा, प्रदर्शनात लोकांना दाखवू.

मायनं बंदूक माझ्या हातात दिली.

"पोरासाठी मारली," ती म्हणाली. "लोकांसाठी नाय मारायची."