वेताचा कोच विणला तो शिमगा

लग्न होऊन मी पोलादपुरात आले तेव्हा घरात दोन सुतार होते. सासरे रस्त्याकडच्या पडवीत नांगर, गाडीची चाकं, दारांच्या चौकटी करायचे. आणि हे मुंबईला फर्निचरच्या कारखान्यात होते. तिथं शिसवी कपाटं, आरशाची मेजं, बंगल्यांतल्या जुन्या खुर्च्यांची दुरुस्ती, असलं बारीक काम चालायचं. पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणून गणपतीला येणं जमायचं नाही. शिमग्याला तेवढे यायचे. बाणकोटपर्यंत आगबोट, तिथून होडीनं महाड, पुढं चालत.

पहिल्याच शिमग्याला यांनी वेताच्या पट्ट्यांची जुडी आणली आणि एका मोडक्या खुर्चीवर मला विणायला शिकवलं. हे परत गेले की मी त्याच पट्ट्या भिजवायची, विणायची, उसवायची, पुन्हा विणायची. वेत भिजला की त्याला कारखान्यातल्या लाखेच्या पॉलिशचा वास सुटायचा. यांच्या सदऱ्यालाही तोच वास असायचा.

एका थंडीत महाडचे एक वकील महाबळेश्वरच्या बंगल्यातला जुना कोच विकत घेऊन बैलगाडीनं आंबेनळीचा घाट उतरत होते. वळणावर गाडीला हिसका बसला. कोचाचा एक पाय मुळातून मोडला, बैठकीचा वेतही फाटला. गाडी आमच्या दारात थांबली.

"मुंबईला असतो तो तुमचाच मुलगा ना?" वकिलांनी विचारलं. "हे काम त्याच्याच हातचं हवं."

"तो शिमग्याला येनार, सायेब. तंवर थांबाय लागंल," सासरे म्हणाले.

"थांबू की. एवढा जुना कोच, त्याला कसली घाई?"

कोच पडवीच्या कोपऱ्यात राहिला. धड असलेल्या पायांवर द्राक्षाची वेल कोरलेली होती. तिच्यावरची धूळ पुसताना मला वाटायचं, या वर्षी तरी यांना आल्या आल्या घरात काहीतरी आपलं वाटेल.

आणि तसंच झालं. हे आले ते खांद्यावरचं गाठोडं न उतरवताच कोचाशी गेले. शिसवीवरून हात फिरवत म्हणाले, "बाबा, असं लाकूड आता मुंबईतबी दिसत नाय."

पाय नवा कोरायला घेतला. मी जुना वेत काढून बैठकीच्या चौकटीतली भोकं साफ केली. गावात पालखी नाचत होती, सोंगं दारोदार हिंडत होती, आणि हे पटाशी घेऊन बसलेले. पाय तयार झाला. बाकीच्या पायांशेजारी ठेवला तर कोणता नवा ते मला ओळखू येईना. तरी हे त्यावर बारीक हात फिरवतच होते.

सासरे म्हणाले, "झाला की रे पाय. आता काय उगाळतोस?"

"अजून जमला नाय, बाबा." एवढं म्हणून यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली, पण काम का संपत नाही ते मला कळलं होतं.

पाय सरस लावून चिकटवला, मग विणकाम. पट्टी वरून भोकात घालायची मी, आणि कोचाखाली आडवं पडून ती ओढून परत वर द्यायचे हे. सासऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलायची तेव्हा रीत नव्हती. पण पडवीच्या त्या टोकाला त्यांच्या रंध्याचा आवाज असायचा, आणि कोचाखालचं बोलणं माझ्यापुरतंच वर यायचं.

"मुंबईची खोली कशी हाय ठाऊक हाय का गो? कूस बदलायची तर शेजारच्याला इचारायचं."

मला हसू आवरेना. "मग मला ठेवाल कुठं?"

"तुला न्यायचीच नाय. मीच येतो. महाडात दुकान टाकू. लाकडाचं माझं, वेताचं तुझं."

एकाच भोकाशी बोटं भेटायची. मी पट्टी जरा वेळ सोडायची नाही, हेही ओढायचे नाहीत.

वकील कोच घेऊन गेले, त्यांच्या मागोमाग हेही गेले. पुढची कितीतरी वर्षं मी महाडच्या त्या दुकानात मनानं राहिले. दाराशी वेत भिजत घातलाय, आत हे काम करताहेत.

मग मंदी आली आणि कारखाना बंद पडला. उन्हाळा संपता संपता हे हत्यारांची पेटी घेऊन कायमचे घरी आले. मी खीर केली. देवाला हात जोडले.

महाडातही कुणी दुकानाचं नाव काढावं असे दिवस नव्हते. सासऱ्यांचा हात थकला होता, तेव्हा हे नांगर करू लागले. काम चोख करायचे, पण बोलायचे कमी. संध्याकाळी घाटाच्या रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. एकदा मीच म्हणाले, "तुमचं मन लागत नाय इथं. जावा परत. मी राहीन."

"आता तिथं कोन घेनार?" हे म्हणाले. "आनि तू रागावली का?"

"रागावले नाय."

रागावले नव्हतेच. ज्यांची वाट पाहिली ते समोर जेवत होते, आणि मला त्यांचीच आठवण येत होती, ते कसं सांगणार?

पुढं बिरवाडीच्या शाळेची बाकं करायचं काम मिळालं. साधं फणसाचं लाकूड, पण पोरांना टोचू नये म्हणून यांनी प्रत्येक कड हातानं घासून गोल केली. कायमचे घरी आल्यापासून पहिल्यांदाच मी यांना कामावर असताना गुणगुणताना ऐकलं. मी चूल तशीच सोडून पडवीत जाऊन बसले.