बंद डब्याचा खटका

भूत-पिशाच्च या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही बसलाय असं मी म्हणणार नाही. आमच्या जतकडच्या गावात अंगात येणं, लिंबू उतरवणं हे सगळं बघतच मोठी झाले... आणि बघून बघूनच त्यावरचं मन उडालं. भिते मी. खूप भिते. पण विजेला. अमावस्येला नाही. इथं लोकांनी लिहिलेले भुताचे अनुभव वाचून "ह्यॅ, काहीतरीच!" म्हणणारी मी आज स्वतः लिहायला बसलेय. शाळा आठवीत सुटली, त्यामुळं लिहिण्यात चुका दिसतील, तेवढ्या सांभाळून घ्या.

ठिकाण सांगते. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, आंबागड. किल्ल्याच्या पायथ्याशी वत्सलाबाईंचं शेत आहे. बाई निवृत्त नर्स, गावात सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. माझा नवरा रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवतो, त्याच्यामागं फिरत फिरत आम्ही सांगली जिल्ह्यातून इथवर आलो. पुढचं काम छत्तीसगडला निघालं तेव्हा मुलीची शाळा परत मोडायची वेळ आली. बाईंनी आपणहून विचारलं, "राहतेस का इथं? खोली रिकामीच हाये."

मी म्हटलं, "मला काही येत नाही हो बाई."

"येत नाही तं शिकशीन. कोण पोटातून शिकून येते वं?"

त्यांचे उपकार मी कशानंही फेडू शकत नाही. परक्या मुलखात दार उघडून देणारं माणूस... असो.

बाईंच्या शेतात कॅरॅव्हॅनवाले पाहुणे उतरतात. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं घरच, आत पलंग, ओटा, फ्रिज सगळं. त्यांच्यासाठी तीन जागा केल्यात. प्रत्येक जागेला खांबावर विजेचा डबा, डब्यात मोठं सॉकेट आणि एक खटका. कुठं करंट गळायला लागला की खटका आपोआप खाली पडतो आणि वीज बंद होते. तुमसरचा राजूभाऊ इलेक्ट्रिशियन, त्यानं हे सगळं बसवलं. मला समजेपर्यंत बाई त्याला हलू देत नव्हत्या. "अजून येक डाव सांग तिले. मान हलवून राहिली, पण समजलं नाही तिले."

शेवटी समजलं. केबलचं रीळ पूर्ण उलगडायचं, गुंडाळलेलं ठेवलं तर तापतं. इंडक्शन आणि इस्त्री एका वेळी नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गाडी रबरी चाकांवर उभी असते. अर्थिंग तुटलं आणि आतलं एखादं यंत्र गळकं निघालं, तर करंट गाडीच्या पत्र्यात भरून राहतो, त्याला जमिनीत जायला वाट नसते. आत बसलेल्याला काही कळत नाही. ज्याचा पाय जमिनीवर आणि हात दाराच्या कडीवर, तो माणूसच वाट होतो. हे ऐकल्यापासून मी पाहुण्यांच्या केबलकडं दिवसातून किती वेळा बघायचे ते विचारू नका. बाई हसायच्या, "केबल हाये वं ते, साप नाही."

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. नाशिकचे एक काका-काकू आले होते. गाडी त्यांनी ओळखीच्या गॅरेजात बनवून घेतलेली. पहिल्या जागेवर लावली. सकाळी काका वैतागून आले. "ताई, तुमचा डबा खराब आहे. सारखा ट्रिप होतोय."

जाऊन बघितलं तर बादलीत पाणी तापवायचा जुना रॉड लावलेला. मी म्हटलं, "काका, डबा बरोबर आहे, रॉड गळतोय. गरम पाणी मी आणून देते, तो लावू नका."

"अहो, घरी वर्षानुवर्षं हाच वापरतोय आम्ही!"

"ऐका ना तिचं," काकू आतून म्हणाल्या. काका रॉड उचलून आत गेले. मला वाटलं, पटलं.

मी पाणी देऊन चादरी वाळत घालायला गेले. दोरी तिसऱ्या जागेपाशी, मोहाच्या झाडाला बांधलेली आहे. ती जागा रिकामी होती. उन्हाळ्यात पाहुणे कमी, म्हणून तिथली वीज मी मागच्या मुख्य स्विचलाच बंद करून कुलूप लावलं होतं. चावी माझ्या कमरेला.

खट्!

वळून बघितलं तर तिसऱ्या डब्याचा खटका खाली पडलेला. म्हटलं, वारा असेल... पण वारा कुठला, पानही हलत नव्हतं. मी तो वर केला. दुसरी चादर उचलली आणि परत खट्! आता मला राग आला. परत वर केला, चांगला दाबून. हात काढतेय तोवर माझ्या डोळ्यांसमोर तो खाली आला. सावकाश. कुणी बोटानं ओढावा तसा.

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण काट्याच्याही आधी डोक्यात एकच आलं - खटका पडला म्हणजे कुठंतरी करंट गळतोय. आणि माझी नजर पहिल्या डब्याकडं गेली.

सॉकेट रिकामं! केबल तिथं नव्हतीच. ती जमिनीवरून पलीकडं गेली होती, पंपाच्या खोलीत. तिथल्या जुन्या प्लगला ना अर्थिंग, ना पडणारा खटका.

आणि नेमक्या त्याच वेळी बाई लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचं ताट घेऊन गाडीच्या दाराशी पोचल्या होत्या. पाहुण्यांना गार वाटावं म्हणून दारापुढं त्यांनीच सकाळी पाणी शिंपडलेलं. चपला त्यांनी पायरीखाली काढून ठेवल्या. कुणाच्या घरात चपला घालून जायचं नाही, आणि गाडी झाली तरी ते घरच. ओली माती, अनवाणी पाय, आणि बाईंचा हात कडीकडं निघालेला...

"बाईऽऽ! दाराला हात नको!"

माझ्या गळ्यातून असा आवाज कधी निघाला नव्हता. बाई जागच्या जागी थांबल्या.

"काहून वं? वडे थंडे होऊन राहिले!"

"हलू नका! मागं व्हा!" म्हणत मी पळत सुटले. पंपाच्या खोलीत स्विच बंद केला आणि पिन उपसून काढली. पिन काकांनी बदललेली, दोनच काड्यांची, घरच्या साध्या बोर्डाची; अर्थिंगची तिसरी काडीच नाही.

गाडीतून काकांचा आवाज आला, "लाइट गेली का हो?"

दुपारी राजूभाऊ आला. आम्हाला सगळ्यांना लांब उभं करून त्यानं तीच पिन, तोच रॉड परत लावला. बल्बची एक वायर ओल्या मातीत खोचलेल्या सळईला आणि दुसरी दाराच्या कडीला. बल्ब लख्ख पेटला. काकू म्हणाल्या, "घरी तरी ऐकता का कुणाचं!" आणि रडायलाच लागल्या.

मग मी राजूभाऊला तिसरा डबा दाखवला. त्यानं तो उघडला, टेस्टर लावला, खटका वर-खाली करून बघितला, हातानं ठोकला.

"ताई, ह्याच्यात करंटच नाही. मेलेला डब्बा हाये. करंट नाही तं खटका पडन कसा? आन् स्प्रिंग तं पाह्य ना, किती कडक हाये!"

"पण पडला. मी बघितलाय."

"भास झाला असन."

मी चावी काढून त्याच्यापुढं धरली, "वीज मीच बंद केलीय, ते मला ठाऊक आहे. तरी तीनदा पडला." मग त्यानं परत एकदा टेस्टर लावून बघितला.

बाईंच्या घरात अंगारा-धुपारा चालत नाही. गावच्या बुद्धविहारात त्या मुलींना तेच शिकवतात - विचारा, तपासा, मग माना. संध्याकाळी मी म्हटलं, "बाई, कुणीतरी वाचवलं तुम्हाला."

"तूनं वाचवलं. दुसऱ्याले श्रेय कायले देतेस?"

"मग खटका?"

"ते मले नाही मालूम. मालूम नाही म्हणजे भूत, असं थोडंच राहते?" असं म्हणाल्या आणि माझा हात हातात घेऊन बराच वेळ तशाच बसल्या. नर्स बाई... नाडी बघतात तसा धरला होता.

तो खटका मी राजूभाऊकडून बदलून घेतला. त्या खटक्यानं बाईंना वाचवलं असेलही, पण कारण नसताना पडणारा खटका पाहुण्यांच्या डब्यात ठेवणं मला पटेना. नवा खटका आजवर उगाच पडलेला नाही. आता पाहुणा आला की बाई लांबूनच ओरडतात, "आधी आमच्या ताईले विचारा, मंग पिन खुपसा!" आणि मोठमोठे शिकलेले लोक थांबतात, विचारतात. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला तेव्हा काय वाटतं, ते मला नीट लिहिता येणार नाही.

कारण मी खूप शोधलं. उंदीर, मुंगळे, ऊन... एकही बसत नाही. तुमच्यापैकी कुणी विजेच्या कामातलं असेल तर जरूर सांगा.

त्या रात्री फोनवर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "खटका पाडला कुणी गं मग?"

म्हटलं, "ठाऊक नाही. पण पळाले ती मी."