शेळीऐवजी पान्हा

लातूर जिल्हा नवा झाला होता, पण पावसानं दुसऱ्या वर्षीही दगा दिला होता. मी रेणापूरजवळच्या एका गावात नुकतीच नांदायला आले होते. थोरल्या जावेला मी अक्का म्हणायचे. चौथी शिकलेली, अंगानं काटकुळी, बोलायला कमी.

बँकेनं गावातल्या दहा बायकांच्या गटाला कर्ज द्यायचं ठरवलं. एकीच्या पैशाला बाकीच्या नऊजणी जामीन. गटातल्या बाकी साऱ्यांनी शेळ्या मागितल्या. अक्कानं हापसा दुरुस्तीची हत्यारं मागितली. पंचायत समितीत ती ते काम शिकून आली होती, पण स्वतःचा पान्हाच नव्हता.

बँकेचे साहेब हसले. "बाई, शेळी घ्या. ती बरी पडेल."

"तिला पाणी कुठून पाजू, साहेब?" अक्का म्हणाली.

हापसा बिघडला की तालुक्याचा मिस्त्री यायला पंधरा दिवस लागायचे. तोवर आम्ही दोन कोस चालायचो. साहेबांनी सही केली.

घरात मात्र सासऱ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. सून लोखंड घेऊन गावोगाव फिरणार, हे त्यांना सोसलं नाही. राग मलाही होताच. ती गेली की तिच्या वाटच्या भाकरी माझ्या गळ्यात.

एकदा शेजारच्या गावाहून बोलावणं आलं. "चल गं, पाइप धरायला माणूस पायजे," ती म्हणाली. मी कुरकुरतच गेले. सहाजणींनी मिळून एकेक पाइप वर ओढला. तळहात सोलून निघाले. तळाच्या चामड्याच्या चकतीची, वायसरची, पार चिंधी झाली होती. अक्कानं ती बदलली, पाइप परत खाली सोडले, दांडा एका बाईच्या हाती दिला आणि स्वतः हापशाला कान लावून बसली. बायका घागरी घेऊन भोवती उभ्या होत्या.

"पाणी वर यायलंय," ती हळूच म्हणाली.

आधी तांबडं पाणी आलं, मग नितळ. बायका घागरी पुढं करायच्या विसरल्या. मी पाण्याकडं बघतच नव्हते, तिच्याकडं बघत होते. वंगणानं माखलेले ते हात रोज माझ्या शेजारी भाकरी थापत होते, आणि मला त्यांची ओळखच नव्हती.

पुढं गावांकडं तिची मजुरी थकली तेव्हा तिचा एक हप्ता नऊजणींनी भरला. एकीनं त्यासाठी शेळी विकली. शरमेनं अक्का दोन दिवस जेवली नाही. तरी वर्षा-दीड वर्षात कर्ज फिटलं.

एके दिवशी दारात परगावचा माणूस आला. "हापसेवाली हाय का?"

ओसरीवरून सासरे म्हणाले, "आमच्या सूनबाई कामाला गेल्यात. बसा, पाणी प्या."

सूनबाई. गेल्यात. बोलणं टाकण्याआधीही ते तिला नुसतं 'ए' म्हणायचे.

अक्का घरी आल्यावर मी तिला सांगितलं. पाय धुता धुता ती थांबली.

"परत म्हण बरं. मामा काय म्हणले?"

मी परत सांगितलं. तिनं तिसऱ्यांदाही सांगायला लावलं.